सिद्राम आणि गणपतीची गाडी

एका गावात एक भोळा माणूस होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या गावात अजून लग्नाची मुलंमुली आहेत, आणि सोयरीक जमवताना लोक नको त्या गोष्टी उकरून काढतात. माणसाचं नाव मात्र सांगतो, त्याची काही हरकत नाही. त्याचं नाव सिद्राम.

सिद्राम वेडा नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता. सांगितलेलं काम तो करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. घोळ होता तो तिथंच. एकदा पाटलीणबाई त्याला म्हणाल्या, "सिद्राम, दारावर नजर ठेव, मी आलेच." सिद्राम दारावर नजर ठेवून बसला. मागच्या खिडकीतून माकडं आली आणि भाकऱ्यांची दुरडी घेऊन गेली. पाटलीणबाई परत आल्या तर हा जागचा हललेला नाही. म्हणाला, "दाराला कुणी हात लावला न्हाई, वैनी." त्या दिवसापासून पाटलांकडचं त्याचं काम सुटलं. मग वाण्याकडचं सुटलं, मग गिरणीतलं. शेवटी गावाने त्याच्या हातात काही सोपवायचंच सोडून दिलं. सिद्रामला त्याचं वाईट वाटायचं. पण वाईट वाटतं हे कुणाला सांगावं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

या गावाला एकेकाळी रेल्वे होती. मोठी नव्हे, छोटीच. दिवसातून एकदा यायची, एकदा जायची. मग ती बंद पडली. रूळ उचलून नेले, डबे नेले, घंटासुद्धा नेली. राहिलं काय, तर एक ओस स्टेशन, त्याच्या शेजारी मालाची खोली आणि पोतनीस मास्तर. मास्तर त्या स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर. नोकरी संपली तरी ते आणि त्यांची बायको माई गावातच राहिले.

त्या वर्षी खालच्या आळीचा गणपती त्या मालाच्या खोलीत बसवायचा ठरला. आरास काय करायची, यावर मंडळात बरीच भांडणं झाली. तेव्हा मास्तर म्हणाले, "आपण गणपतीभोवती रेल्वे फिरवू. खरीखुरी, रुळांवरची. स्टेशनातून सुटेल, पुलावरून जाईल, बोगद्यातून निघेल आणि गणपतीच्या पायाशी मोदक आणून पोचवील."

मंडळाचे अध्यक्ष बापू गरड म्हणाले, "मास्तर, ह्या वयात ह्यो पोरखेळ कशापायी?"

मास्तर म्हणाले, "गावातली पोरं बाप्ये झाली, बापू. गावात शिरणारी गाडी त्यांनी कधी पाहिली नाही. एकदा सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत ती आली पाहिजे. मग मी सुटलो."

हो म्हणाले सगळे. फक्त मास्तरांनी मदतीला सिद्रामला मागितलं, तेव्हा बापूंचा चहा सांडला.

पण मास्तरांचं कारण होतं. गाडी चालू होती त्या काळात सिद्राम रोज रुळाच्या कडेला उभा राहायचा, लिंबाची डहाळी हलवून गाडीला जायची परवानगी द्यायचा. एकही दिवस चुकला नाही. मास्तर म्हणाले, "इतक्या नेमाने तर माझे पोर्टरही यायचे नाहीत." आणि सिद्रामला म्हणाले, "काम नीट केलंस, तर गणपतीच्या दिवशी गाडी सुटताना हिरवं निशाण तू दाखवायचं. डहाळी नव्हे. रेल्वेचं निशाण."

सिद्राम त्या रात्री जेवला नाही. बहिणीने विचारलं, तर म्हणाला, "आक्का, पोट भरल्यालं हाय."

आता काम सुरू झालं.

मास्तरांनी आधी नकाशा काढला. जीव ओतून काढला. मधोमध गणपतीचं आसन, भोवती रुळांचं लांबट कडं, एका अंगाला डोंगर, डोंगरात बोगदा, ओढ्यावर पूल, कोपऱ्यात स्टेशन. नकाशा सिद्रामच्या हातात देऊन ते म्हणाले, "लाडप्पा सुताराकडे जा आणि या नकाशाबरहुकूम फळी कापून आण. तसूभर कमी नको, तसूभर जास्त नको."

सिद्राम गेला. त्याने नकाशा लाकडावर पसरला, चारी बाजूंनी पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "काप."

लाडप्पा म्हणाला, "मास्तर पाट करतेत का?"

"रेल्वे करतेत."

"एवढ्यात?"

"तसूभर जास्त नको म्हनलेत."

लाडप्पाने कापून दिली. सिद्राम ती फळी काखेत मारून मास्तरांच्या घरी आला. माईंना ती फार आवडली. त्यांनी लगेच तिच्यावर भाजी चिरायला घेतली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, एवढ्याशा कागदात सगळी रेल्वे मावेल का? नकाशात सगळं बारीक करून काढलेलं असतं. कागदावर एक, तर प्रत्यक्षात बारा. कागदावरचं नेहमी बारा पटीने धरायचं. कळलं?"

"कळलं, मास्तर. आता ध्यानात आलं."

सिद्रामच्या ध्यानात यायला वेळ लागायचा. पण एकदा आलं, की बैलजोडी लावून ओढलं तरी निघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी माईंनी त्याला बाजारात धाडलं. कागदावर लिहून दिलं: हिंग एक डबी, हिरव्या मिरच्या पाव किलो, नारळ एक, केरसुणी एक. सिद्रामने वाटेत कागद दोनदा वाचला. बोटांवर मोजलं. पुन्हा वाचला.

वाणी म्हणाला, "घरात लगीन हाय का रं?"

"न्हाई. गणपती हाय."

"आन् एवढ्या केरसुण्या?"

"कागदावर एकच हाय," सिद्राम म्हणाला, आणि हातगाडी मागितली.

माईंनी दार उघडलं, तर हिंगाचा वास आधी आत आला आणि सिद्राम मागून. माणसं घरात दोन आणि केरसुण्या बारा. मिरच्या तर तीन किलो होत्या. माईंनी नुसतं मास्तरांकडे पाहिलं. त्या हिंगाचा वास मास्तरांच्या आमटीला पुढे वर्षभर येत होता, आणि त्याबद्दल बोलायची त्यांची छाती झाली नाही.

मास्तर सिद्रामला मालाच्या खोलीत घेऊन गेले. "नकाशाचा नियम किराण्याला लावायचा नसतो रे बाबा! आणि कुठलंही काम असं एका दमात शेवटाला न्यायचं नसतं. हा रूळ बघ. हा आधी नुसता मांडायचा. मग त्यावर डबा ढकलून बघायचा. बरोबर चालला, तर मगच खिळा ठोकायचा. आधी मांडायचं, मग बघायचं, मग ठोकायचं."

"आता ध्यानात आलं, मास्तर."

आणि खरं सांगायचं तर रुळांच्या कामात त्याचं काही चुकलं नाही. मोठी फळी आली, तिच्यावर खडूने नकाशा उतरवला. सिद्रामने बाभळीच्या काटक्या तासून रुळाखालचे स्लीपर केले. दोन स्लीपरांमध्ये किती जागा ठेवायची, तर एक आडवी काडेपेटी, असं मास्तरांनी सांगितलं होतं. सिद्रामने शेकडो स्लीपर लावले आणि दर वेळी मध्ये काडेपेटी ठेवून पाहिली. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. मास्तर चष्मा लावून फळीच्या टोकाशी वाकले, एक डोळा मिटून त्यांनी सगळा रूळ पाहिला आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." सिद्रामने दिवसभर तो हात धुतला नाही.

पण संध्याकाळी बापू गरड आले. त्यांनी लाउडस्पीकरचा कर्णा आणला होता. नव्या फटफटीवरून आणला होता. फटफटी त्यांनी भिंतीला लावली आणि म्हणाले, "सिद्राम, कर्णा छपरावर चढीव."

सिद्रामने चढवला. खाली बापूंनी माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो. खालच्या आळीचा गणपती. हॅलो." तिसऱ्या हॅलोला कर्णा थरथरला, छपरावरून घसरला आणि नव्या फटफटीवर येऊन बसला. आरसा गेला. दिवा गेला. हॅलो मध्येच राहिलं.

बापू ओरडले, "बांधला न्हाईस?"

सिद्राम छपराच्या कडेवरून म्हणाला, "आधी मांडायचं, मग बघायचं, मग ठोकायचं. मी बघतच हुतो, बापू."

बापूंचा पारा चढला. ते मास्तरांना म्हणाले, "ह्याला हाकला. ते निशाण माझ्या मेव्हण्याच्या हातात द्या. आवं, मेव्हणा शाना हाय, दहावीपतुर गेलाय."

सिद्रामचा चेहरा उतरला. मास्तर म्हणाले, "अजून एक संधी देऊ, बापू."

बापूंनी सिद्रामला खाली बोलावलं आणि बोट नाचवत सांगितलं, "ऐक. जी वस्तू वर चढवायची, ती अशी पक्की करायची, की वादळ आलं तरी जागची हलता कामा नये. कळलं?"

"आता ध्यानात आलं, बापू."

दोन दिवसांनी रूळ पुरे झाले. गाडीही तयार झाली. इंजिन मास्तरांनी पत्रा कापून स्वतः घडवलं होतं, आत खेळण्यातली मोटर बसवली होती. मागे तीन डबे, आणि शेवटी मोदकाची उघडी वाघीण, म्हणजे मालाचा डबा. मास्तर तार आणायला तालुक्याला निघाले. जाता जाता म्हणाले, "सिद्राम, इंजिन आणि डबे रुळावर चढवून ठेव. मी आलो की चालवून बघू."

सिद्रामने इंजिन चढवलं. डबे चढवले. मग त्याला बापूंचं बोट आठवलं. त्याने चुलीवर सरस वितळवला आणि प्रत्येक चाकाखाली, डावीकडे उजवीकडे, काडीने नेमका थेंब सोडला. एक चाक सुटलं नाही. वरून फुंकर घातली. मग हाताने हलवून पाहिलं. गाडी जागची हलली नाही. तो समाधानाने दारात बसला.

मास्तर आले, तार जोडली, बटण दाबलं. इंजिन म्हणालं, घूंऽऽ. गेलं कुठंच नाही. पुन्हा दाबलं. घूंऽऽ, आणि जळका वास. मोटर काढू की तार बघू, असं मास्तरांना झालं. मग त्यांचं लक्ष चाकांकडे गेलं.

"सिद्राम, चाकांना काय लावलंस?"

"सरस. आता वादळ येऊ द्या, मास्तर."

मास्तर खाली बसले. माईंनी गरम पाणी आणलं, कापूस आणला, आणि दुपारभर तिघं मिळून चाकं भिजवत बसली. मास्तर एकदाच बोलले, ते माईंशी. "कशाला आरंभलं मी हे? गेलेली गाडी कुणी परत आणतं का?"

ते सिद्रामने ऐकलं. त्याचा कापूस हातातच राहिला. तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, निशाण बापूच्या मेव्हण्याला द्यायचं का?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना राग आला होता, तो कुठं गेला त्यांनाच कळलं नाही. माई म्हणाल्या, "तो नुसता दहावीपर्यंत गेलाय. तो काय काडेपेटी लावून स्लीपर मोजणार आहे?" मग मास्तरांनी सिद्रामला रूळ दाखवला. "इकडे ये. हे दोन रूळ जिथं जुळतात, तिथं मी नखाएवढी फट ठेवली आहे. दिसली? लोखंड उन्हाने फुगतं. त्याला फुगायला जागा ठेवली नाही, तर ते वाकतं आणि गाडी पडते. सगळंच घट्ट करून चालत नाही. लोखंड म्हटलं की फट ठेवायचीच."

"लोखंड म्हटलं की फट," सिद्राम म्हणाला. "आता ध्यानात आलं."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता. फार लवकर सोडला.

डोंगराची माती थापून मास्तरांनी तिच्यात हळीव पेरलं होतं, पोरं दिवाळीत किल्ल्यावर पेरतात तसं. गणपतीच्या आदल्या दिवशी डोंगर हिरवागार झाला. ऊन कडक पडलं होतं. मास्तर म्हणाले, "मी पुढे होतो. फाटक लाव आणि जेवायला ये."

मालाच्या खोलीपुढच्या अंगणाला मोठं लोखंडी फाटक होतं; तिथून खोलीतली आरास दिसायची नाही. सिद्रामने फाटक ओढलं आणि थांबला. लोखंड. वर ऊन. त्याने विचार केला. रूळ एवढासा, त्याला नखाएवढी फट. हे फाटक एवढं मोठं, ह्याला केवढी लागेल? त्याने अंदाजाने फट ठेवली, मध्ये वीट लावली आणि जेवायला गेला.

त्याचा अंदाज एका शेळीएवढा होता. एक गेली की बाकीच्या जातातच.

मास्तर आणि सिद्राम जेवून आले, तर डोंगराला टक्कल पडलं होतं. पुलावर लेंड्या होत्या. एक शेळी बोगद्यात तोंड घालून उभी होती, आणि तिला मागे येता येत नव्हतं.

शेळीला ओढून काढल्यावर सिद्राम म्हणाला, "फाटक मात्र वाकलं न्हाई, मास्तर."

मग मात्र मास्तरांच्या अंगात जुना स्टेशनमास्तर संचारला. ते ताठ उभे राहिले. "सिद्राम, आता शेवटचं ऐक. रूळ वेगळा, फाटक वेगळं. फाटकाला फट नाही, बिट नाही. गाडी यायची वेळ झाली की फाटक बंद. आणि एकदा बंद केलं की गाडी गेल्याशिवाय उघडायचं नाही. मामलेदार येवो, मंत्री येवो, साक्षात देव येवो."

"देव आला तरी?"

"देव आला तरी!"

"देव आला तरी," सिद्राम म्हणाला. "आता ध्यानात आलं, मास्तर."

त्या दोघांनी लाकडाचा भुसा हिरवा रंगवला आणि डोंगरावर पसरला. संध्याकाळी रिकामी गाडी एकदा फिरवून पाहिली. कुठं अडली नाही. मास्तरांनी ट्रंकेतून दोन निशाणं काढली, एक लाल आणि एक हिरवं, आणि सिद्रामच्या हातात दिली. सिद्रामने ती छातीशी धरली आणि घरी जाताना रस्त्याच्या मधून चालला, कडेने नाही.

गणपतीचा दिवस उजाडला. बापूंनी सकाळीच कर्ण्यावरून सांगितलं होतं, "गणपती बसले की लगेच गाडी सुटेल हो! समद्यांनी यावं." सगळं गाव ढोलताशे घेऊन मूर्ती आणायला कुंभाराकडे गेलं. मालाच्या खोलीवर राखणीला सिद्राम एकटा राहिला. त्याने धुतलेला सदरा घातला होता. वाघिणीत मोदक ठेवला होता. गाडी आज यायची होती. म्हणजे काय करायचं, ते त्याला ठाऊक होतं. त्याने फाटक बंद केलं, कडी घातली, आतून कुलूप लावलं आणि लाल निशाण घेऊन उभा राहिला.

मिरवणूक आली. पुढे ताशे, मागे पोरं, मध्ये मास्तर. त्यांच्या दोन्ही हातांवर पाट आणि पाटावर गणपती. भटजी घाई करत होते, मुहूर्त निघून चालला होता. आभाळही भरून आलं होतं आणि मूर्ती शाडूची होती.

"सिद्राम, उघड," मास्तर म्हणाले.

"गाडी यायची हाय, मास्तर."

"अरे, आम्ही आलो आहोत!"

"तेच म्हनतो. मागं सरका. गाडी गेली की उघडतो."

बापू पुढे झाले. "आरं, गणपती हाय ह्यो! साक्षात देव!"

सिद्रामने मान हलवली. त्याला फार अवघड वाटत होतं, पण निशाण खाली आलं नाही. "देव आला तरी न्हाई. मी इचारलं हुतं, मास्तर. तुमीच म्हनला की ओ."

ताशे थांबले. मास्तर समजावू लागले, "सिद्राम, गाडी अजून सुटलीच नाही."

"मग सोडा."

"सोडायची तर मला आत यायला पाहिजे."

"आत यायचं तर गाडी जायला पायजे."

गावातल्या शहाण्या माणसांनी यावर विचार केला. त्यांनाही त्यातून वाट सापडेना. बापू फाटकावरून चढायला गेले आणि विजार टोकदार गजाला अडकून फाटकाच्या वर तसेच राहिले. पावसाचा एक थेंब गणपतीच्या सोंडेवर पडला. कुणीतरी छत्री धरली.

मास्तरांनी डोळे मिटले. रेल्वेच्या माणसाला रेल्वेच्याच भाषेत सांगायला हवं होतं. पण जे शब्द सांगायचे होते, ते त्यांनी ही लाइन बंद झाली त्या दिवशी शेवटचे उच्चारले होते, आणि त्यांना ते पुन्हा तोंडातून काढायचे नव्हते. "सिद्राम," ते म्हणाले, "आजची गाडी रद्द."

सिद्रामने लाल निशाण लगेच खाली घेतलं. "रद्द? असं आधी सांगायचं न्हाई का!" त्याने कुलूप काढलं. मग त्याच्या मनात काहीतरी आलं. "मास्तर, रद्द झाल्यावर लोकांस्नी कळवाया लागतं ना?"

"कळव बाबा, कळव. आधी बाजूला हो!"

गणपती आत आला. मुहूर्त साधला. पूजा झाली, आरती झाली, गाव दणाणून गेलं. बापू विजार बदलायला घरी गेले. मास्तर गाडीचं बटण दाबायला मखराच्या मागे जाऊन बसले. तिथून त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. निशाण बघण्यापुरतं एक भोक तेवढं ठेवलेलं होतं.

इकडे सिद्रामने माइक हातात घेतला. "आजची गाडी रद्द झाल्याली हाय. परवाशांनी घरी जावं."

गावकऱ्यांनी प्रसाद घेतला आणि घरची वाट धरली. या गावाला गाडी रद्द होण्याची सवय जुनी. का रद्द झाली, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

बराच वेळ निशाण दिसेना, म्हणून मास्तर मखरामागून बाहेर आले. समोर रिकाम्या सतरंज्या होत्या. एक सिद्राम, एक गणपती.

"लोक कुठं गेले?"

"घरी. गाडी रद्द झाली न्हवं का?"

मास्तर ओरडले नाहीत. ओरडायचं सगळं मागच्या आठवड्यात संपलं होतं. त्यांनी गणपतीकडे पाहिलं, वाघिणीतल्या मोदकाकडे पाहिलं. मग ते सिद्रामच्या खांद्यावर हात ठेवून अगदी सावकाश, एकेक शब्द तपासून बोलले. "सिद्राम, रद्द झाली ती गाडी वेगळी. आता मी दुसरी सोडतो आहे. ही स्पेशल गाडी आहे."

"स्पेशल!" सिद्रामचे डोळे मोठे झाले. या गावाला स्पेशल कधी आली नव्हती.

"हो. तू गावाला बोलाव. सगळं गाव आलं, की इथं स्टेशनापाशी उभं राहून हिरवं निशाण दाखव. निशाण दिसलं की मी बटण दाबतो. बाकी काही करू नकोस. गाव आलं, की हिरवं निशाण. ध्यानात आलं?"

"आलं, मास्तर."

मास्तर मखरामागे गेले. सिद्रामने माइकमध्ये जीव तोडून सांगितलं, "स्पेशल गाडी येत हाय हो! स्पेशल! समद्या गावानं बघायला यावं!"

स्पेशल म्हटल्यावर गाव उठलं. जेवणारे ताटावरून उठले, झोपलेले खाटेवरून उठले. वरच्या आळीचे लोकसुद्धा, जे खालच्या आळीच्या गणपतीचं तोंड बघायचे नाहीत, ते धावत निघाले. म्हाताऱ्यांना पोरांनी पाठंगुळी घेतलं. सगळं गाव मालाच्या खोलीशी येऊन थडकलं. पुढे बापू, कोऱ्या विजारीत.

फाटक बंद होतं. कुलूप आतून होतं.

"उघड, सिद्राम!"

"गाडी येतीय, बापू."

"आरं, म्हनून तर आलोय!"

"म्हनून तर बंद हाय," सिद्राम म्हणाला आणि आत गेला.

मखरामागून मास्तरांनी विचारलं, "आले का रे लोक?"

"आलं, मास्तर. समदं गाव आलंय. वरची आळी बी आलीय."

मास्तरांनी कान दिला. बाहेर केवढा गलका उठला होता! इतकी माणसं स्टेशनात कधी जमली नव्हती. त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि भोकाला डोळा लावला.

सिद्राम छोट्या स्टेशनापाशी ताठ उभा राहिला. त्याने हिरवं निशाण वर केलं.

गाडी सुटली. काय सुरेख सुटली! नखाएवढ्या फटींवरून टक्क टक्क करत पुलावर गेली, पूल हलला नाही. हिरव्या डोंगराला वळसा घालून बोगद्यात शिरली, आणि दुसऱ्या तोंडाने मोदकासकट बाहेर आली. एक चाक घसरलं नाही, एक डबा कलंडला नाही. अख्खा फेरा घालून ती गणपतीच्या पायाशी येऊन थांबली, जिथं थांबायची तिथंच. सिद्रामच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याला पुसायला हात मोकळा नव्हता.

बाहेर गाव बोंबलत होतं, फाटक हलवत होतं, गजांवर हात आपटत होतं. मखरामागे मास्तरांनी तो आवाज ऐकला. गाव एवढं खूश झालेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीला टेकून बसले.

सिद्रामने निशाण नीट गुंडाळून काखेत धरलं. फाटकाशी आला. कुलूप काढलं, कडी काढली, फाटक सताड उघडलं आणि अदबीने बाजूला उभा राहिला.

"या आता समदी," तो म्हणाला. "गाडी गेली."